जुनून कुणाचा, दागिने कुणाचे?

मुशायरा असो, साहित्य संमेलन असो की शाळेचे स्नेहसंमेलन, प्रमुख पाहुणे बोलायला उठले की एक उपदेश ठरलेला असतो. कलेला जुनून लागतो, झोकून द्या, दिवाने व्हा, बाकी सगळे आपोआप मिळते! टाळ्या पडतात. समोर सतरंजीवर बसलेली नववी-दहावीची पोरे कान देऊन ऐकत असतात. पाहुणे शाल-श्रीफळ घेऊन गाडीत बसतात आणि त्या पोरांपैकी दोघे-तिघे ते बोलणे खरे मानून घरी जातात. मी नाशिकला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. या दोघा-तिघांचे पुढे काय होते ते पाहुण्यांना दिसत नाही, आम्हा शिक्षकांना दिसते. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

माझे म्हणणे असे आहे. झोकून देण्याचा हा उपदेश अर्धवट आहे आणि आपल्या समाजाला तो इतरांपेक्षा महाग पडतो. लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या, कॅमेरा हाती घेणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, या कामातून साधारण किती मिळते आणि त्याला किती वर्षे लागतात. दोन, शरीर, घर आणि मन शाबूत ठेवणे हा कलेचाच भाग आहे. हे न सांगता नुसता जुनून विकणारा माणूस कलेचा हितचिंतक नव्हे.

हे वाचून काही मंडळी खूश होतील. 'हम तो पहले से कह रहे थे, शायरी से पेट नहीं भरता' म्हणणारे चाचा आणि मामू प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांना आधीच सांगते, मी तुमच्या बाजूने बोलत नाही. ज्या समाजात कथा लिहिल्या जात नाहीत, त्याची गोष्ट दुसरेच कुणीतरी लिहिते आणि आपल्या सोयीने लिहिते, हे आपण पुरेसे भोगले आहे. पोरांनी लिहावे, खूप लिहावे. साठीपर्यंत लिहावे, पंचविशीत संपू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

आपल्या गावचे उदाहरण

जुनूनचा दाखला म्हणून नाशिकमध्ये दादासाहेब फाळक्यांचे नाव हमखास येते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. शाळेच्या सहली तिथे जातात आणि मुलांना सांगितले जाते की या माणसाने सर्वस्व पणाला लावले म्हणून देशाला सिनेमा मिळाला. खरेच आहे. पण पूर्ण गोष्ट सांगा ना!

धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्याआधी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. छायाचित्रण केले होते, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली होती, छापखाना चालवला होता. म्हणजे हातात वीस वर्षांचे कसब घेऊन हा माणूस सिनेमात उतरला. भांडवल मागायच्या आधी त्यांनी वाटाण्याच्या वेलाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म तयार केली आणि पैसेवाल्यांना दाखवली. आधी नमुना, मग कर्ज. हा भाग भाषणात येत नाही, कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत.

दुसराही भाग भाषणात येत नाही. सिनेमाचा ध्यास लागल्यावर दिवसरात्र फिल्म पाहून आणि जागून त्यांचे डोळे गेले होते. उपचारांनी दृष्टी परत आली हे नशीब. विम्याची पॉलिसी गहाण पडली. पुढे १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, भागीदारांशी खटके उडू लागले आणि वर्षा-दोन वर्षांत फाळके सगळे सोडून कुटुंबासह काशीला निघून गेले. सिनेमाला रामराम ठोकला. तिथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. ते चालले नाही, तेव्हा पुन्हा त्याच कंपनीच्या दारात यावे लागले. आज आपण ज्याला बर्नआउट म्हणतो ते पन्नाशीच्या फाळक्यांना झाले होते, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हते. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकमध्येच गेले, तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला तो त्यांना विसरला होता. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला. मधली पंचवीस वर्षे मोजा.

आणि तिसरा भाग सरस्वतीबाईंचा. युनिटमधल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्यांनी केला. कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे काम त्या शिकल्या, रसायने कालवली, उन्हात पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहिल्या. आणि दागिने काढून दिले. जुनून धुंडिराजांचा होता, दागिने सरस्वतीबाईंचे होते. त्यांनी ते आनंदाने दिले असतील. पण आज व्यासपीठावरून 'झोकून द्या' म्हणणाऱ्याने हेही सांगावे की झोकायचे ते कुणाचे आहे. आईची चेन, बहिणीच्या लग्नाची भिशी, बायकोच्या महेरच्या पैशातून घेतलेल्या बांगड्या! आमच्या मोहल्ल्यांत कलेचे भांडवल बहुधा याच डब्यातून निघते, आणि तो डबा ज्या बाईचा आहे तिला कुणी विचारत नाही.

बरबादीची आपली आवड

आपण उर्दूवाले तर या बाबतीत दोन पावले पुढे आहोत. आपल्याला बरबाद शायर फार प्रिय. मीराजी १९४९ मध्ये मुंबईच्या इस्पितळात गेले, वय सदतीस. मंटो जानेवारी १९५५ मध्ये लाहोरला गेले, वय बेचाळीस. मजाज त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लखनौला गेले, चव्वेचाळीसचे होते. या तिघांच्या कहाण्या आपण इतक्या रंगवून सांगतो की ऐकणाऱ्या पोराला वाटावे, प्रतिभा हवी असेल तर आधी स्वतःला उद्ध्वस्त करावे लागते. हा तर्क उलटा आहे. मंटो शेवटच्या वर्षांत रोजच्या खर्चासाठी आणि दारूसाठी दिवसाला एक याप्रमाणे कथा लिहून देत होते. त्यांतल्या काही थोर आहेत, काही नाहीत. मंटो मोठे होते म्हणून त्या अवस्थेतही काही थोर उतरले, एवढेच त्यातून सिद्ध होते. ती अवस्था नसती तर आणखी वीस वर्षांत काय उतरले असते, याचा विचार आपण करत नाही. घरी सफिया बेगम आणि तीन मुली होत्या, त्यांचा तर नाहीच नाही.

आता दुसरी यादी पाहा. इस्मत चुगताई बी.ए., बी.टी. होत्या. बरेलीला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, पुढे मुंबईत शाळा तपासनीस. राजिंदर सिंह बेदी लाहोरच्या पोस्टात कारकून होते आणि त्याच काळात त्यांच्या सुरुवातीच्या कथा लिहून झाल्या. फिराक गोरखपुरी अलाहाबाद विद्यापीठात इंग्रजी शिकवत. नजीर अकबराबादी आग्र्यात पोरांच्या शिकवण्या घेत. आपल्या मराठीत नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, नंतर मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चा आणि 'माझे विद्यापीठ' १९६६ चा. कवी गिरणगावातला, पगार मास्तरचा आणि कविता मराठीतली पहिल्या रांगेतली. यांच्यापैकी कुणाच्या प्रतिभेला नोकरीने गंज चढला? उलट दर महिन्याच्या पगाराने त्यांना संपादकाला 'नाही' म्हणायची ताकद दिली. उपाशी लेखक स्वतंत्र असतो हा गैरसमज आहे. त्याला सेठ सांगेल ते लिहावे लागते.

तरीही भाषणात इस्मत आपांची बी.टी.ची पदवी येत नाही, मजाजचा प्याला येतो. हे का, याचा आपण विचार केला पाहिजे.

मालेगावकडून काय शिकायचे

नाशिकपासून शंभरेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर मालेगाव आहे. यंत्रमागाचे गाव. मागाची पाळी बारा तासांची, मजुरी जेवढे कापड निघेल तेवढी, सुट्टी जुम्म्याची. त्या सुट्टीला सिनेमाचे वेड. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. डाकूंना घोडे परवडत नव्हते, त्यांना सायकली दिल्या. अभिनेते गावातलेच, कुणी मागावरचे, कुणी दुकानातले. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. त्यात मागावर काम करणारे शफीक शेख सुपरमॅन झाले. या चित्रीकरणावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला, तो २०१२ मध्ये थिएटरात लागला. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट २८ फेब्रुवारी २०२५ रोजी देशभर झळकला.

तो चित्रपट आल्यावर मालेगावच्या जुनूनवर पुन्हा भाषणे सुरू झाली. मला त्या गोष्टीत वेगळे काही दिसते. नासिर आणि त्यांच्या साथीदारांनी माग विकून सिनेमा काढला नाही. माग चालू होता, पार्लर चालू होते, दुकाने चालू होती. सिनेमाचा खर्च खिशाला झेपेल एवढा ठेवला. क्रेन नव्हती तर बैलगाडी वापरली. प्रेक्षक कोण, तर आपल्याच गावचा मजूर, जुम्म्याला हसायला येणारा. त्याच्या हसण्यावर काम यशस्वी झाले की नाही हे ठरत होते. खर्च किती, प्रेक्षक कोण, यश कशाला म्हणायचे, हे तिन्ही आधीच ठरलेले होते. वास्तव अपेक्षा म्हणतात ती हीच. जगाने त्याला वेडेपणा म्हटले, पण मला त्यात घरातल्या बाईसारखा चोख हिशेब दिसतो.

जळजळ कुठे झाली? जिथे मोजमाप बदलले तिथे. पटकथा लिहिणारे फरोग जाफरी त्या माहितीपटात बोलतात, तेव्हा लेखक म्हणून मुंबईला पोहोचण्याची ओढ आणि न पोहोचल्याची सल स्पष्ट ऐकू येते. लेखकाची ती सल खोटी नाही, तिचा मी आदर करते. पण मुंबई मिळाली तरच मी लेखक, असे ठरवले की गावात मिळालेले सगळे हसू शून्य होते. आणि शफीक शेख २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले. त्यांच्यावरचा मोठा चित्रपट आला तो चौदा वर्षांनी. सुपरमॅनच्या पोशाखाखाली गुटख्याच्या गावातला एक किरकोळ शरीराचा मजूर होता, आणि त्या शरीराची चिंता जुनूनच्या कुठल्याही भाषणात नसते.

मोबाईलमधला मुशायरा

आज गोष्ट आणखी अवघड झाली आहे. पूर्वी पोराला मुंबई गाठावी लागे, आता मुंबई खिशात आहे. मालेगावच्याच छोटू दादाच्या कॉमेडी चित्रफिती यूट्यूबवर देशभर पाहिल्या जातात. ते यश खरे आहे, कष्टाचे आहे. पण एका छोटू दादाकडे बघून दुधबाजार, बागवानपुरा, वडाळ्यातली शेकडो पोरे मोबाईल स्टँड विकत घेतात. त्यांना कुणी हे सांगत नाही की जाहिरातीचा पहिला रुपया मिळायच्या आधी यूट्यूबला एक हजार सबस्क्रायबर आणि एका वर्षात चार हजार तासांचे पाहणे लागते. ही अट २०१८ पासून आहे. चार हजार तास म्हणजे पाच मिनिटांची चित्रफीत शेवटपर्यंत पाहणारी अठ्ठेचाळीस हजार माणसे. गणिताच्या तासाला हा हिशेब मी मुलांकडून फळ्यावर करून घेतला, तेव्हा वर्ग बराच वेळ गप्प होता.

आणि ज्या जमिनीवर घर बांधायचे ती आपली नसते. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली. त्या वेळी देशात त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. ज्या पोरांनी शिक्षण अर्धवट टाकून तिथे नाव कमावले होते, त्यांचे ते सगळे एका रात्रीत गेले. बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय. माझा मुद्दा एवढाच की ज्याच्या हातात एडिटिंग होते, आवाज होता, लिहिण्याची सवय होती तो पोरगा दुसरीकडे उभा राहिला. ज्याच्याकडे फक्त 'फॉलोअर' होते तो आजही उभा राहिलेला नाही.

शिवाय या यंत्राला सुट्टी नाही. रोज काहीतरी टाकायचे. चार दिवस टाकले नाही तर लोक विसरतात. मागाला निदान जुम्म्याची सुट्टी आहे!

आपल्याला हे जास्त महाग का

कुणी म्हणेल, हे सगळ्याच समाजांतल्या मुलांचे आहे. आहेच. पण पडण्याची उंची सारखी असली तरी खाली गादी कुणाच्या आहे ते बघा. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की मुस्लिम कामगारांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत, इतर समाजांपेक्षा जास्त. स्वयंरोजगार हा शब्द भारदस्त आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ हातगाडी, गॅरेज, भंगार, शिलाई मशीन, फळांची पाटी. पगार नाही, पेन्शन नाही, आजारपणाची रजा नाही. अशा घरातला मुलगा दोन वर्षे 'स्ट्रगल' करतो तेव्हा त्याच्या वाट्याची भाकरी दुसरा कुणीतरी कमावतो. बहुधा तो धाकटा भाऊ असतो, ज्याची शाळा त्यासाठी सुटते. एखाद्या प्राध्यापकाच्या मुलाला जुनून परवडतो, कारण मागे बापाचे पेन्शन उभे असते. त्या घरातून आलेल्या पाहुण्याने आमच्या पोरांना दिवाने होण्याचा सल्ला द्यावा, हे मला मंजूर नाही.

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी चांगली गझल लिहितो. त्याने कर्ज काढून संग्रह छापला. प्रकाशन झाले, हारतुरे झाले, वक्ते म्हणाले नाशिकला नवा शायर मिळाला. पाचशे प्रतींपैकी साठ-सत्तर फुकट वाटल्या गेल्या, बाकीचे गठ्ठे पलंगाखाली आहेत आणि हप्ते दोन वर्षे चालले. त्याने लिहिणे सोडले. कविता वाईट होती म्हणून नव्हे. शंभर प्रती छाप, आधी नियतकालिकांत दे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, उर्दू अकादमीकडे विचार, एवढे साधे सांगणारा एकही माणूस त्या व्यासपीठावर नव्हता म्हणून.

करपणे म्हणजे काय

बर्नआउट हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने रूढ केला. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणारी मंडळीच आधी गळून पडतात, हे त्याने पाहिले होते. आळशी माणूस करपत नाही, निष्ठावंत करपतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याच्या तीन खुणा सांगितल्या. शक्ती संपल्यासारखे वाटणे, आपल्याच कामाबद्दल मनात कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना.

या खुणा घेऊन आपल्या साहित्यिक वर्तुळात फिरून पाहा. सगळी संमेलने टोळक्यांची आहेत असे सतत म्हणणारा, दुसऱ्याच्या पुस्तकाचे नाव काढताच तोंड वाकडे करणारा, दहा वर्षे तीच गझल वाचणारा माणूस तुम्हाला भेटेल. आपण त्याला मत्सरी म्हणतो. अनेकदा तो फक्त करपलेला असतो. दूध उतू गेले तर घरभर कळते, खाली लागलेले पातेले घासताना कळते.

आणि लिहिणाऱ्या बायका? त्यांना थकण्याचीही सोय नाही. शाळा, वह्या, निवडणुकीची कामे, घर, सासू-सासऱ्यांची औषधे, मुलांचा अभ्यास, आणि इशानंतर भांडी आवरून उरला वेळ तर कथा. तिने महिनाभर काही लिहिले नाही तर 'तुमचे लेखन थंडावले का' म्हणून विचारतात. पुरुष लेखकाला एकांत हवा असतो, बाईला तो उसना मागावा लागतो. तिच्यासाठी वास्तव अपेक्षा म्हणजे वर्षाला एक चांगली कथा. एवढी झाली तर ते वर्ष भरले असे तिने मानावे, आणि आपणही मानावे.

आपल्या घरोघरी एक गोष्ट सांगितली जाते. अबू दरदा रात्रभर नमाज आणि दिवसभर रोजे करून घरच्यांकडे दुर्लक्ष करत होते. सलमान फारसींनी त्यांना समजावले की रबचा तुझ्यावर हक्क आहे, तसा तुझ्या देहाचा आणि घरच्यांचाही आहे. हुजूरांनी (स.) सलमान खरे बोलले म्हणून सांगितले. जिथे इबादतीलाही मर्यादा घालून दिली आहे, तिथे गझलेला ती नसावी, हे आपण कुठून आणले?

मग काय करायचे

नुसती टीका करून मी थांबणार नाही. चार गोष्टी मागते, चारही आपल्या हातातल्या आहेत.

पहिली, हिशेब उघड करा. १९९० मध्ये सोलापुरात फक्रुद्दीन बेन्नूर सरांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण अस्मिता, भाषा, परंपरा यांवर परिसंवाद घेत आलो, घ्यायलाच हवे होते. आता एक परिसंवाद पैशावर घ्या. पुस्तक छापायला किती लागतात, किती खपतात, मुशायऱ्याचे पाकीट किती असते, अनुवादाला पानाला काय मिळते, हे ज्येष्ठांनी आकड्यांत सांगावे. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. लाज वाटायची तर ते लपवण्याची वाटावी.

दुसरी, आधी भाडे, मग शाल. मला एका कार्यक्रमाला परगावी बोलावले होते. एसटीचे भाडे माझे, जेवण माझे, आणि निघताना हातात ट्रॉफी. त्याच मंडपाच्या फुलांचा आणि फटाक्यांचा खर्च ऐकून मी गप्प बसले नाही, तर 'मॅडम पैशाच्या मागे आहेत' असे झाले. मंडपवाला उधार काम करत नाही, लाउडस्पीकरवाला करत नाही, मग कवीनेच का करावे? यासारखे वार्षिकांक पदरमोड करून निघतात, त्यांची गोष्ट वेगळी. पण जिथे मंडप आहे तिथे मानधन असलेच पाहिजे, थोडे का होईना.

तिसरी, कलेच्या जवळचा एखादा हुन्नर शिकवा. उर्दूचे इनपेज, मराठी डीटीपी, मुद्रितशोधन, उर्दू-मराठी अनुवाद, एडिटिंग, लग्नपत्रिकांची किताबत. यांतून घर चालते आणि हात शब्दांजवळच राहतो. डी.एड., बी.एड., आयटीआय यांना कलेचे शत्रू समजणे बंद करा. दहावीनंतर 'मी फक्त शायर होणार' म्हणणाऱ्या मुलाला मी सांगते, जरूर हो, पण कागद हातात ठेवून हो.

चौथी, विश्रांतीला इज्जत द्या. लेखक एक-दोन वर्षे दिसला नाही की 'संपला' म्हणू नका. शेतकरीही जमीन पडीक ठेवतो, त्याला कुणी नापास करत नाही.

यात जुनूनचा अपमान नाही. जुनून असेल तर तो असतोच, भाषणाने येत नाही आणि बी.एड.ने जात नाही. आम्हा शिक्षकांना एवढेच हवे आहे की पुढच्या वेळी पाहुणे म्हणून याल तेव्हा पोरांना मजाजच्या मरणाबरोबर इस्मत आपांची नोकरीही सांगा, फाळक्यांच्या ध्यासाबरोबर सरस्वतीबाईंचे दागिनेही सांगा. दोन्ही ऐकून ज्याला लिहायचे तो लिहील. आणि तो बहुधा जास्त दिवस लिहील.